मॉरिशसमधलं वयानुसार अवलंबित्व गुणोत्तर कमी झालं, म्हणजे तिथला भार हलका झाला का?

एकूण भार हलका झाला खरा, पण तो मुलांकडून वृद्धांकडे सरकतो आहे आणि आता पुन्हा वाढणार आहे. हे गुणोत्तर म्हणजे 15 ते 64 वयाच्या दर 100 माणसांमागे 15 खालची मुलं आणि 65 व त्यावरचे वृद्ध मिळून किती अवलंबित आहेत ती संख्या. संयुक्त राष्ट्रांचे लोकसंख्या अंदाज वयोगटानुसार वेगळे करून पाहिले की हे दिसतं. 1960 च्या सुमारास 15 ते 64 वयाच्या दर 100 माणसांमागे 90 हून जास्त अवलंबित होते, त्यातली बहुतेक 15 वर्षांखालची मुलं. तेव्हा एका स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. 1957 पासून तिथे कुटुंब नियोजनाचं काम उभं राहिलं, मुलींचं शिक्षण वाढलं, पुढे कापड कारखान्यांत बायकांना रोजगार मिळाला. जन्मदर झपाट्याने उतरला आणि 2010 नंतर गुणोत्तर 40 च्या आसपास आलं. हा आकडा दिलासा देतो खरा, पण त्याच्या पोटात काय आहे ते बघाच: 1960 च्या दशकात 100 कमावत्या वयाच्या लोकांमागे 65 च्या वरचे पाच-सहाच होते, आता ते 18 ते 20 आहेत. जन्मदर दीडच्याही खाली गेलाय. तिथलं निवृत्तीवेतन साठीनंतर सरसकट सगळ्यांना मिळायचं, त्यामुळे याची झळ थेट तिजोरीला बसते. म्हणूनच 2025 च्या अर्थसंकल्पात ते वय टप्प्याटप्प्याने 65 करायचं जाहीर झालं आणि लोक चिडले, ते स्वाभाविकच होतं.

एक मात्र लक्षात घ्या: हे गुणोत्तर फक्त वय मोजतं, काम नाही. विशीतला विद्यार्थी त्यात कमावता धरला जातो आणि सत्तरीतही दुकान चालवणारी आजी अवलंबित.