मावशी यादीतून राहून गेली

मी समुपदेशक. दिवाळी सरली की माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. पोरं शनिवार-रविवार घरी टिकत नाहीत, कुठल्या कुठल्या कड्यांवर चढतात आणि वर त्याचे फोटो साऱ्या पावण्यारावळ्यांना दाखवतात. साताऱ्याला चढण्याचं अप्रूप नाही. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर बघा, आजोबांपासून नातवापर्यंत सगळे दिसतील. पण पाऊस थांबून कातळ कोरडा झाला की दोर लावून चढणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो, आणि त्या फोटोंनी घराघरांत भांडणं लागतात. आईबापांचा प्रश्न ठरलेला: "चढू दे एकवेळ, पण फोटो कशाला टाकायचे?"

अशाच एका मायलेकींचं सांगते. दोघींना विचारूनच लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आई पन्नाशीच्या. खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "बघा मॅडम. एक पोरगी न् चार पोरं."

फोटो तैलबैलाच्या माथ्यावरचा. लोणावळ्याच्या पलीकडं, घाटमाथ्याच्या ऐन कडेला शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन सरळसोट कातळभिंती, त्यांतल्या एकीवरचा. पाच हसरे, उन्हानं रापलेले चेहरे. मधे यांची लेक, एका मुलाचा हात तिच्या खांद्यावर. हा फोटो आईंना लेकीनं पाठवला नव्हता. कराडच्या मावशीनं रात्री दहाला स्क्रीनशॉट पाठवला होता, खाली एकच ओळ: "ही आपलीच का गं?"

त्या एका ओळीनं आई दोन रात्री झोपल्या नव्हत्या. लेक पुण्यात नोकरीला, वय चोवीस, स्थळं बघणं चाललेलं. घरी सांगितलेलं, "मैत्रिणीकडं राहतेय."

लेकीची बाजू लेकीनं सांगितली. व्हॉट्सअ‍ॅपवर ठरावीक माणसांना स्टेटस न दाखवण्याची सोय आहे. तिनं त्या यादीत आई, बाबा आणि दोन काका घातले होते. मावशी राहून गेली. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप जातं, एवढ्या भरवशावर तिनं फोटो टाकलेला. हे सांगताना तिला थोडं हसू आलं, मलाही आलं, आणि तिथंच पहिली चूक झाली. आईंनी ते हसू पाहिलं.

दुसरी चूक त्याहून मोठी. मी उत्साहानं आपल्या साताऱ्याच्या गिर्यारोहक प्रियांका मोहितेचं उदाहरण दिलं. 2013 मध्ये एव्हरेस्ट, 2021 मध्ये अन्नपूर्णा, 2022 मध्ये कांचनगंगा. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ती कुठं चाललीय हे तिच्या घरी माहीत असतंय, मॅडम. मला माझ्या पोरीचं कराडहून कळतंय."

समुपदेशकाला असं गप्प करणारं वाक्य वर्षातून एखादंच मिळतं. मी फोटोवर बोलत बसले होते आणि बाईंचं दुखणं वेगळंच होतं. दीडशे माणसांनी जे बघितलं ते त्यांना बघू दिलं नव्हतं. "यादीत मी कशात येते? काकांच्यात?" असं त्यांनी लेकीला विचारलं, तेव्हा लेकीकडं उत्तर नव्हतं.

पुढच्या वेळी मी लेकीला एवढंच सांगितलं: त्या दिवसाचे सगळे फोटो घेऊन ये. टाकलेले आणि न टाकलेले. वडीलही आले होते. मिलिटरीतून निवृत्त झालेले, मितभाषी. गाडी चालवायला म्हणून आले आणि आत येऊन बसले.

ऐंशीएक फोटो होते. गावातल्या घरी पहाटेचा चहा, पोह्यांचं पातेलं, अंथरलेल्या ताडपत्रीवर मांडलेली हेल्मेटं, कमरेला बांधायचे पट्टे म्हणजे हार्नेस, रोप अडकवायच्या कड्या म्हणजे कॅराबिनर, वेटोळं केलेले रोप. मग माथ्यावरचा तोच फोटो, पण आडवा. यात माणसं सात. उजव्या कडेला आणखी दोन मुली. स्टेटसला उभा बसवताना लेकीनं तो कापला होता, आणि त्या दोघी बाहेर गेल्या होत्या. आईंनी फोन हातात घेतला. "ह्या कोण?"

"ही माझी रूममेट. आणि ही ताई, हिनंच मला वर घेतलं."

"वर घेतलं म्हणजे?"

आता लेकीनं कातळावरचा फोटो काढला. ती भिंतीला चिकटलेली, कमरेला हार्नेस, त्यातून निघालेला रोप वर चौकटीबाहेर गेलेला. मला यातलं काही कळत नाही, म्हणून मीच विचारत राहिले आणि ती सांगत गेली. पहिला चढणारा वाटेत ठिकठिकाणी रोप अडकवत जातो, खालचा माणूस त्याला रोप सोडत असतो. वर पोचला की तो स्वतःला पक्कं बांधून घेतो आणि मागून येणाऱ्याचा रोप ओढत राहतो. याला ते बिले देणं म्हणतात. मागचा घसरला तरी हातभर खाली येऊन लोंबकळतो, एवढंच. तिच्या रोपाचं वरचं टोक त्या ताईच्या हातात होतं. मावशीच्या फोनमधून कापली गेलेली ती हीच.

आई बराच वेळ त्या ताईचा चेहरा बघत होत्या. "नाव काय हिचं?" एवढंच विचारलं. खांद्यावर हात ठेवणारा कोण, हा प्रश्नही नंतर आला आणि त्याचं उत्तरही मिळालं. ते इथं सांगायची गरज नाही.

वडील तोवर दोन बोटांनी फोटो मोठा करून कमरेजवळची गाठ बघत होते. "आठाची गाठ. नीट आहे." मग अंगठ्यानं पुढचा फोटो ओढला. लेक कड्याच्या टोकावर बसलेली, पाय खाली सोडलेले, केस मोकळे, मागं कोकण. याला म्हणे सगळ्यांत जास्त दाद मिळाली होती.

"इथं रोप कुठाय?"

लेक म्हणाली, "फोटोपुरता काढला होता. हेल्मेटपण."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. पावसाळ्यात धबधब्यांवर सेल्फी काढताना पाय घसरल्याच्या बातम्या आपण वाचतो. आई तेच डोक्यात धरून होत्या आणि मी त्यांना "हे वेगळं, ते वेगळं" असं समजावत आले होते. चढण्यापुरतं वेगळंच आहे. पण या एका फोटोत काही वेगळं नव्हतं. आईंची भीती खोटी नव्हती, फक्त चुकीच्या फोटोवर बसली होती. लेकीनं तो फोटो तिथंच काढून टाकला. मी सांगितलं नव्हतं.

पुढचं फार अवघड नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी कुठं, कोणाबरोबर, नेणाऱ्याचा नंबर काय, खाली कधी उतरणार, हे घरी कळवायचं. रेंज जाणारच, तर किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची नाही, तेही ठरवून टाकायचं. बिनफोनचा दिवस आईबापांना याच एका वेळेच्या आधारावर काढता येतो. फोटो परत आल्यावर टाकायचे, तिथं असताना नाही. फोटोतल्या इतरांना विचारून टाकायचे, कारण त्यांच्यातल्याही कोणी घरी "मैत्रिणीकडं" सांगितलेलं असू शकतं. आणि काका लपवलेले राहू देत, त्याला माझी हरकत नाही. चोवीस वर्षांच्या मुलीनं काय कोणाला दाखवावं हा तिचा प्रश्न. आईला मात्र आधी.

स्थळांचं काय होईल, हेही आईंनी विचारलं. मला माहीत नाही, असं मी सांगितलं. त्यांना ते उत्तर आवडलं नाही.

परवा त्या पोवई नाक्यावर भेटल्या, हातात भाजीची पिशवी. फोन भरलाय, जागाच राहत नाही, पोरगी एका वेळी चाळीस चाळीस फोटो पाठवते, म्हणून कुरकुरत होत्या. कराडच्या मावशींचा परत निरोप आला का, मी विचारलं.

"आला की. तिला म्हटलं, तुझ्याकडचा कापलेला आहे. थांब, अख्खा पाठवते."