पुनर्वर्गीकरण झालं म्हणजे नेमकं काय बदलतं?

प्लूटो, कंपनीचा ताळेबंद आणि जमिनीचा झोन, तिन्हीकडे 'पुनर्वर्गीकरण' म्हणतात, मग त्यात सारखं काय, असं तुम्ही विचारलंय. वस्तू आहे तशीच राहते, तिला लागू होणारे नियम बदलतात. आम्हा गोंयकारांना हे माडाने दाखवलं.

२०१६च्या जानेवारीत गोवा विधानसभेने १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्यातून माड वगळला. त्या कायद्यात झाडाला फांद्या असणं अपेक्षित आहे आणि माडाला त्या नसतात. शास्त्राच्या दृष्टीने मुद्दा खोटा नव्हे, पण भाटातल्या (बागायतीतल्या) माडाला फांद्या नाहीत म्हणून आजवर कुणाचं काय अडलं होतं? खरी मेख पुढे होती. नाव गेलं की तोडायला परवानगी नको! लोक खवळले ते त्यावर. २०१७मध्ये नव्या सरकारने माडाला परत आत घेतलं, वर राज्यवृक्षाचा मानही दिला. एवढ्या उलथापालथीत माडाची एक झावळी हलली नाही.

प्लूटोचंही तेच. २००६मध्ये प्रागला खगोलशास्त्रज्ञांनी ग्रहाची व्याख्या ठरवली आणि तो बटुग्रह झाला. त्याची कक्षा होती तीच आहे.

हिशेबात (माझा धंदा हाच) हे दरवर्षी होतं. समजा दहा लाखांचं दीर्घ मुदतीचं कर्ज आहे आणि त्यातले दोन लाख येत्या वर्षात फेडायचे आहेत. मग ते दोन लाख उचलून चालू देण्यांत टाकायचे. कर्ज दहाचं दहाच, नफ्यातोट्यालाही धक्का नाही. पण बँकवाला चालू मालमत्तेशी (वर्षभरात रोख होईल अशा मालमत्तेशी) चालू देणी ताडून बघतो, तेव्हा कपाळाला आठ्या पडतात.

जमिनीत मात्र सांभाळा. 'ऑर्चर्डचा सेटलमेंट झोन झालाय', म्हणजे बागायतीची जमीन वस्तीसाठी झाली, असं दलाल सांगेल आणि त्याच दमात भाव वाढवेल. झोन हा नगरनियोजन खात्याचा विषय, बिगरशेतीची सनद (जमीन शेतीबाहेरच्या कामाला वापरायची परवानगी) महसूल खात्याची आणि बांधकाम परवाना पंचायतीचा किंवा पालिकेचा. एक कागद बदलला म्हणून बाकीचे आपोआप बदलत नाहीत. झोनचा दाखला, सनद आणि एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा म्हणा) तिन्ही समोर ठेवायला सांगा. सनद 'येतेय' म्हणाला तर इसाराचे पैसे खिशातच राहू द्या.