पहिलं तैलचित्र: एक कांदा पुरे

फुलदाणी, द्राक्षं, रेशमी कापड असला पसारा आत्ताच मांडू नका. एक कांदा खिडकीशी ठेवा आणि खोलीतला दिवा बंद करा. उजेड एकाच बाजूने आला की सावली स्वच्छ दिसते.

डोळे किलकिले करून बघा. सर्वांत गडद काय, उजळ काय? आधी तेवढंच लावा. सालीवरच्या रेघा अगदी शेवटी.

- रंग चारच: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा). शेवटच्या दोघांतून सुरेख गडद मिळतो, काळा लागत नाही.
- ब्रश मोठा, चपटा.
- दिसेल त्या रंगात पांढरा घालू नका, चित्र खडूसारखं फिकं पडतं. नवशिक्यांचं इथेच हमखास चुकतं.
- जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून ठेवू नका, आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा.

ग्लेझिंग, म्हणजे वाळलेल्या रंगावर पातळ पारदर्शक थर देणं, वगैरे नंतर बघू. दोनेक तासांत उजेड सरकतो, तेव्हा थांबा. उद्या पुन्हा तोच कांदा, नव्या बोर्डावर.