गर्भात डाऊन सिंड्रोम (बौद्धिक वाढ मंदावणारी जन्मजात स्थिती) आहे का हे तपासायलाच कॅथलिक चर्चचा विरोध आहे का?

नाही, तपासणीला सरसकट विरोध नाही. १९८७ च्या ‘डोनुम व्हिते’ या दस्तऐवजात व्हॅटिकनने स्पष्ट म्हटलंय की, बाळाचं रक्षण किंवा उपचार हा हेतू असेल आणि आई-बाळाला अवाजवी धोका नसेल, तर तपासणी चालते. दोष निघाला तर गर्भपात करायचा, असं आधीच ठरवून केलेली तपासणी मात्र चर्चला मान्य नाही. माणसाची किंमत त्याच्या क्षमतेवरून ठरत नाही, ही त्यामागची भूमिका.

झेरोम लेज्यून यांचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते, हे १९५९ मध्ये जगापुढे मांडणाऱ्या फ्रेंच संशोधकांपैकी ते एक. हे ज्ञान उपचारांसाठी वापरलं जावं, अशी त्यांची तळमळ होती. त्याच ज्ञानाच्या आधारे गर्भपात होऊ लागले, तेव्हा त्यांनी उघड विरोध केला.

पण जन्माला येऊ द्या म्हणणाऱ्यांनी पुढची जबाबदारीही घ्यायला हवी. घाबरलेल्या आईवडिलांना आधार हवा, आणि त्या मुलाला प्रार्थनेत, वर्गात, खेळात हक्काची जागा. इतर अपंगत्वांबाबतही हेच: कित्येक चर्चच्या दारात अजून नुसत्या पायऱ्याच आहेत. व्हीलचेअरवरच्या माणसाने आत यायचं कसं?