डागाची कड

"मॅडम, इथे सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही. मी परत जाऊ का?"

पदव्युत्तर संशोधनासाठी घर सोडून लांब आलेल्या मुलामुलींकडून हे वाक्य मी समुपदेशक म्हणून इतक्यांदा ऐकलंय की प्रवेशानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मी त्याची वाटच बघत असते. त्यातही वनस्पती रोगशास्त्राची मुलं जास्त येतात. त्यांचं काम ऐकलं की कारण कळतं. आधी झाड वाढवायचं, रोगट पानातून बुरशी किंवा जिवाणू वेगळा काढायचा, तो निरोगी झाडाला टोचायचा आणि लक्षणं दिसायची वाट बघायची. एका फेरीला आठवडे लागतात, कधी महिनेही. मध्येच काही बिघडलं तर पहिल्यापासून सुरुवात. झाडाला तुमची घाई कळत नाही. आणि संध्याकाळी खोलीवर परतावं तर "आज काय झालं गं?" असं विचारणारं कोणी नसतं.

त्यातल्याच एका मुलीची ही गोष्ट. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पाच महिने झाले होते आणि तिच्या प्लेटवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या झाकणाच्या चपट्या बशीत, सारखं कंटॅमिनेशन येत होतं, नको ते जंतू शिरत होते. हवी ती बुरशी वर येण्याआधीच ट्रायकोडर्मा या दुसऱ्याच बुरशीचा हिरवा थर तीन-चार दिवसांत सगळी प्लेट व्यापून टाकायचा. गाइड एवढंच म्हणायचे, "पुन्हा कर." तेवढ्यावरून तिने निष्कर्ष काढला होता की आपल्याला संशोधनाचं डोकंच नाही.

पहिल्याच भेटीत मी तिला विचारलं, "अमुक बुरशीमुळेच हा रोग झाला, हे तुम्ही कशावरून ठरवता?"

तिने जंतुशास्त्रज्ञ कॉख यांच्या नावाने ओळखले जाणारे चार निकष घडाघडा सांगितले. प्रत्येक रोगट झाडात तो जंतू सापडला पाहिजे. तो वेगळा काढून शुद्ध स्वरूपात वाढवता आला पाहिजे. निरोगी झाडाला टोचल्यावर तोच रोग झाला पाहिजे. आणि त्या झाडातून पुन्हा तोच जंतू मिळाला पाहिजे.

"प्लेट बिघडली तेव्हा दर वेळी तू तिथे होतीस. म्हणजे पहिला निकष झाला. बाकीचे तीन?"

ती हसली. पाच महिन्यांत तिचा गुन्हा एकाच निकषावर सिद्ध झाला होता! मग तिनेच एक उदाहरण दिलं. १८४५ मध्ये युरोपात बटाट्याचं पीक करप्याने गेलं, तेव्हा पानांवरची बुरशी लोकांना दिसत होती. पण बुरशीमुळे झाड सडतं की झाड सडल्यावर बुरशी येते, यावर वाद चालला. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटन द बारी यांनी १८६१ मध्ये प्रयोगाने दाखवून दिलं की कारण बुरशीच आहे. "म्हणजे सोळा वर्षं," ती स्वतःशीच म्हणाली.

तरी पुढच्या दोन्ही भेटींत तेच रडगाणं. हसू आलं म्हणजे दुखणं हललं असं नसतं, हे मला अनुभवाने ठाऊक होतं. चौथ्या भेटीत मी म्हटलं, "समज, हे एक पान आहे आणि त्यावर डाग आहे. यातून बुरशी कशी वेगळी काढायची ते मला शिकव."

ती खुर्चीत पुढे सरकली. आवाजच बदलला. "डागाच्या मधला भाग घ्यायचा नाही, मॅडम. तो मेलेला असतो. तिथे मागाहून आलेल्या, मेलेल्यावर जगणाऱ्या बुरश्याच जास्त मिळतात. कड घ्यायची. थोडा रोगट भाग आणि त्याला लागून थोडा हिरवा. चार-पाच मिलिमीटरचा तुकडा. एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर बुडवायचा, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवायचा, टिपकागदावर कोरडा करायचा आणि माध्यमावर, म्हणजे प्लेटमधल्या बुरशीच्या खाद्याच्या थरावर, ठेवायचा."

"कडच का?"

"खरा रोगजंतू तिथे असतो. पुढे सरकत असतो."

मी थोडी थांबले. "चार भेटी झाल्या, तू मला डागाचा मधलाच भाग आणून देते आहेस. मी नालायक, मी चुकीच्या जागी आले. कड कुठे आहे? कालचाच दिवस घे. किती वाजेपर्यंत बरं होतं?"

ती बराच वेळ गप्प होती. "साडेआठपर्यंत. प्लेटी बिघडल्या होत्या, पण मी नव्या ओतल्या होत्या. तेव्हा ठीक होतं."

"आणि साडेआठला?"

"घरी फोन केला. सगळं छान चाललंय म्हणून सांगितलं." तिचे डोळे भरून आले. "रोज तेच सांगते."

इतके दिवस आम्ही दोघी प्लेटींकडे बघत होतो. दुखणं फोनपाशी होतं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दल आपण स्वतःला काय सांगतो त्याने माणूस अधिक खचतो, यावर माझा पक्का विश्वास आहे. तिच्या त्या रोजच्या खोट्यामागे एक हुकूम होता: 'घरच्यांनी इतक्या लांब पाठवलं, म्हणून मला जमलंच पाहिजे.' आपल्या भाषेतला हा इवलासा 'च' फार छळतो. 'जमावं' ही इच्छा आहे, तिच्या बळावर माणूस उद्या पुन्हा प्लेटी ओततो. 'जमलंच पाहिजे' म्हटलं की प्रत्येक हिरवा ठिपका घरच्यांचा विश्वासघात वाटू लागतो. मग तो लपवावा लागतो, आणि लपवणारा माणूस घरच्यांशी रोज बोलूनही एकटाच राहतो.

मी तिला दोन कामं दिली. दोन्ही साधी वाटतात, पण पहिल्यांदा करताना हात थरथरतात. एक, फोनवर रोज एक खरी गोष्ट सांगायची. सगळी कैफियत नको, एकच गोष्ट. दुसरं, प्रयोगशाळेतल्या कुणा जुन्या माणसाला लॅमिनारपाशी, म्हणजे गाळलेल्या शुद्ध हवेत काम करायच्या कपाटापाशी, उभं करून म्हणायचं, "माझे हात बघा." नवी मुलं हे टाळतात, कारण विचारलं तर अज्ञान उघडं पडेल असं वाटतं. तिने विचारलं, आणि दहा मिनिटांत उत्तर मिळालं: ती झाकण पूर्ण बाजूला ठेवायची आणि उघड्या प्लेटवरून हात न्यायची. झाकण तिरपं, जेमतेम उचलायचं असतं. चूक हाताच्या सवयीची निघाली.

शेजारचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सफाईने काम करतो, त्याच्या पहिल्या वर्षाच्या प्लेटी कचऱ्यात गेलेल्या असतात, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत. त्याला त्याबद्दल जरूर विचारा. बिघडलेल्या प्लेटीची नोंदही तारखेसकट वहीत करा. काय बदलून पाहिलं ते त्यातूनच कळतं. मात्र गाइड अपमान करत असेल, तर ते सोसणं म्हणजे चिकाटी नव्हे. विभागातल्या दुसऱ्या वरिष्ठांकडे जा. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन दिवसही थांबू नका, आजच कुणाला तरी सांगा.

पुढच्या भेटीला ती आली तेव्हा परत जाण्याचा विषय निघाला नाही. आईला तिने सांगितलं होतं, "आई, माझ्या प्लेटीवर नको ती हिरवी बुरशी येते आणि सगळं टाकून द्यावं लागतं." पलीकडे क्षणभर शांतता. मग आईने विचारलं होतं, "हिरवी म्हणजे कशी गं? लिंबावर येते तशी?"

"ती वेगळी, मॅडम, ती पेनिसिलियम," मुलगी मला सांगत होती. "मग मी तिला दोन्हींतला फरक समजावला. चाळीस मिनिटं बोलत होतो आम्ही."