बेळगावचा सीमाप्रश्न म्हणजे जुन्या हद्दी परत मागणं आहे का?

तुमचा प्रश्न असा: "हा मुलूख पूर्वी आमचा होता" म्हणत इटलीसारख्या देशांनी शेजाऱ्यांवर दावे सांगितले. बेळगावची मराठी माणसं त्याहून वेगळं काय करतात?

मी खानापूर तालुक्यातला. आमच्या घरात हा प्रश्न तीन पिढ्या चालत आलाय, त्यामुळे तटस्थ असल्याचा आव आणत नाही.

इटलीचंच घेऊ. एकीकरणानंतरही त्रेंतो आणि त्रिएस्ते ऑस्ट्रियाकडे राहिले. त्यांना ते 'इर्रेदेंता' म्हणत, म्हणजे न सोडवलेली भूमी. पहिल्या महायुद्धानंतर ती मिळाली. पण तिच्याबरोबर ब्रेनर खिंडीपर्यंतचा दक्षिण टायरोलही घेतला, जिथली बहुतेक माणसं जर्मन बोलत होती. पुढे मुसोलिनीच्या राजवटीत तिथल्या जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावं बदलली. आपली माणसं सोडवायला निघालेल्यांनी दुसऱ्यांची भाषा दाबली. सीमाभागातल्या माणसाने हे नीट वाचून ठेवावं.

आमचा वाद एकाच देशातल्या दोन राज्यांचा आहे. राज्यघटनेच्या कलम ३ प्रमाणे संसद साध्या कायद्याने राज्याची हद्द बदलू शकते. देश तोच राहतो, फौजफाटा लागत नाही. म्हणून 'इर्रेदेंता' हा शब्द इथे बसत नाही. पण तुमच्या प्रश्नातला एक भाग मला टोचला, कारण आमच्यातलेही बरेच जण सभेत उभे राहिले की थेट इतिहासात शिरतात.

इतिहासावर ही जमीन कुणाची ठरवणार? आमच्या तालुक्यातलं हलशी ही बनवासीच्या कदंबांची पलाशिका, पुढे गोव्याच्या कदंबांचंही ठाणं. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती रट्टांच्या काळातली. त्यांच्यामागून यादव, आदिलशाही, मराठे, इंग्रज. देवगिरीच्या यादवांना आपण आपले म्हणतो, त्यांचेही कितीतरी शिलालेख कन्नडमध्ये आहेत. नवव्या शतकातला 'कविराजमार्ग' कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. तो पुरावा मानला तर निम्मा महाराष्ट्र उठून द्यावा लागेल. आणि राजांच्या हद्दी मोजायच्या तर तंजावरात भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत होतं. आपण तंजावर मागतो का?

नंदगडचं उदाहरण तर आमच्या उंबऱ्यातलं. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिली. त्याची समाधी तिथेच आहे आणि कन्नड माणूस तिच्यापुढे डोकं टेकतो, टेकवावंच. पण त्याच नंदगडात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते. समाधीवरून गाव कुणाचं ते ठरत नाही. हेच मला आपल्या गडकिल्ल्यांबद्दलही म्हणायचंय.

आमची बाजू खरी उभी आहे ती १९५६ वर. तोवर बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाच्या शिफारशीवरून चंदगड तालुका तेवढा वगळून बाकी जिल्हा १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. माझ्या आज्जीचं माहेर चंदगड तालुक्यात. बोली तीच, देव तेच, पण माहेरचा उतारा मराठीत आणि सासरचा कन्नडमध्ये. म्हणून आमची मागणी पाटसकर सूत्राची: गाव हा घटक, बहुसंख्यांची भाषा, सलग प्रदेश आणि लोकांची इच्छा. यात राजेरजवाड्यांना जागाच नाही.

हे सूत्र दोन्ही बाजूंना लावावं लागतं, आणि इथे माझं आमच्याच माणसांशी भांडण होतं. या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला आणि अक्कलकोटसह २४७ गावं कर्नाटकाला द्यायला सांगितली. बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. आजोबा म्हणायचे, "बाजार बेळगावात, दवाखाना बेळगावात, मग नुसतं खानापूर घेऊन काय करायचं गा?" ते मला पटतं. पण अक्कलकोटच्या कन्नड गावांचा विषय निघाला की गप्प बसायचं, हे पटत नाही. बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरला जे माप, तेच तिकडे.

लोकांच्या इच्छेबद्दलही खरं बोलायला हवं. १ जून १९८६ ला कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली. दरवर्षी त्या दिवशी हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाशी आम्ही जमतो. तरी २०१८ आणि २०२३ च्या विधानसभेला महाराष्ट्रात जायची मागणी लढवणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. मागणी संपली असं मी मानत नाही, गटबाजीने आम्हीच तिची ताकद घालवली. पण लोकेच्छेचा दाखला द्यायचा तर हे आकडे लपवता येत नाहीत.

महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून लोंबकळतोय. दक्षिण टायरोलची हद्द हलली नाही, तो आजही इटलीतच आहे. पण १९७२ च्या स्वायत्ततेने जर्मन भाषेला सरकारी कचेरीत बरोबरीचं स्थान मिळालं, नोकऱ्या भाषिक प्रमाणात वाटल्या गेल्या आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने त्यावरून इटलीशी असलेला वाद मिटल्याचं जाहीर केलं. आमचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर आज्जीला स्वतःच्या शेताचा उतारा वाचून घ्यायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागते. तो मराठीत मिळावा, एवढं तर कुठलीही हद्द न हलवता आजच करता येईल.