वहीत न आलेलं पान

*"अक्का, उद्यमनगरात लेथवर पंचवीस वर्षं काढली. तरुणपणी पेठेतल्या तालमीकडून फुटबॉल खेळलो. पोरगा मात्र बेसबॉलच्या नादाला लागला, कॅचर आहे, म्हणजे बॅटरच्या मागं बसून बॉल धरणारा. आता इंजिनिअरिंगला पुण्याला निघालाय. त्याला द्यायला म्हणून आयुष्यात शिकलेलं सगळं एका वहीत लिहिलं : घर, जेवणखाण, खेळ, पैसा. परवा त्यानं ती चाळली आणि म्हणाला, 'पप्पा, हे सगळं व्हॉट्सॲपवर येतंय की.' तेव्हापासून वही कपाटात आणि मी गप्प. देऊ का नको? काही पानांचे फोटो पाठवतोय." – एक बाप, मंगळवार पेठ, कोल्हापूर*

दादा,

तुमची पानं दोनदा वाचली. पहिल्यांदा पोराचा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा त्याचं पटलं. रागावू नका, इस्कटून सांगते.

४१ विचार तुम्ही नंबर घालून लिहिलेत. 'कष्टाला पर्याय नाही', 'माणसं जोडा', 'वेळेची किंमत करा'. हे खोटं नाही, पण यात तुम्ही कुठं आहात? हे कुणाच्याही बापानं लिहिलं असतं. विचार क्रमांक ९ वर तर मी हात जोडले : 'बेसबॉलमध्ये कितीही पळालं तरी शेवटी घरीच यायचं असतं.' अहो, बॅटर जिथून पळतो आणि रन करायला जिथं परत येतो त्या होम प्लेटला होम म्हणतात हे कळल्यावर प्रत्येक बाप हेच लिहितो! आणि अमेरिकेतल्या टेड विल्यम्स या बेसबॉलपटूनं १९४१ साली ०.४०६ च्या सरासरीनं फटके मारले, म्हणजे इतका मोठा खेळाडूसुद्धा दहातले सहा वेळा चुकायचा, हे तुम्ही पोराला सांगताय? रोज ग्लोव्ह उशाशी घेऊन झोपणाऱ्याला? त्यानंच तुम्हाला सांगितलं असणार.

पण पत्राच्या शेवटी, 'ते एक असो' म्हणून, तुम्ही सहा ओळी खरडल्यात. खरं पत्र तेवढंच आहे.

गेल्या वर्षीची मॅच. शेवटची इनिंग, बरोबरीचा स्कोअर, दोन आउट झालेले, समोरच्यांचा एक गडी तिसऱ्या बेसवर. बॅटर तिसऱ्या स्ट्राइकला हुकला, तीन स्ट्राइक म्हणजे आउट असं धरून तुम्ही टाळ्या वाजवायला उठलात. बॉल टप्पा पडून आला, तुमच्या पोराच्या ग्लोव्हखालून मागे गेला. बॅटर पहिल्या बेसकडं सुटला, तिसऱ्यावरचा होमला आला, त्यांचा रन झाला, मॅच गेली. आणि तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, 'एक बॉल धरता येईना व्हय? आमच्या तालमीत असतास तर भांडी घासाय लावली असती.' येताना गंगावेशीत म्हशीचं ताजं दूध घेऊन दिलंत. त्यानं अर्धा ग्लास तसाच ठेवला. तेव्हापासून तो तुमच्याशी खेळावर बोलत नाही.

मला बेसबॉलमधलं ओ का ठो कळत नव्हतं. म्हणून आमच्या शेजारी खेळाचे सर राहतात, त्यांना जिना चढून विचारलं. ते म्हणाले, तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातात नीट आला नाही तर बॅटरला पळायची मुभा असते. पहिल्या बेसवर आधीच कुणी असेल तर नसते, पण दोन आउट झालेले असले की तीही अट उरत नाही. म्हणजे अंपायरनं फसवलं असं जे तुम्ही लिहिलंय, ते चूक. पुढचं मात्र नीट ऐका. कॅचरपर्यंत पोचायच्या आधी जमिनीला लागलेला बॉल असा निसटला, तर स्कोअरबुकात त्याला वाइल्ड पिच म्हणतात आणि तो पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, नावावर जातो. कॅचरच्या नाही. टप्पा पडून आला होता, हे तुम्हीच लिहिलंय.

म्हणजे स्कोअररनं तुमच्या पोराच्या नावावर जी चूक लिहिली नाही, ती बापानं चारचौघांत लिहिली. त्याला हा नियम तेव्हाही माहीत होता. तरी तो तोंडातून अवाक्षर न काढता गाडीवर मागं बसला, कारण पिचर त्याचा दोस्त. (या पोरावर तुम्हाला क्रमांक १७, 'मित्रांना सांभाळा', लिहावंसं वाटलं, याचं मला हसू आलं.)

वही द्या. पण आधी ती ४१ कलमं फाडा. एका पानावर त्या मॅचची हकिकत लिहा, तुम्ही काय बोललात ते शब्द न गाळता, आणि तो नियम तुम्हाला आता कळलाय हेही लिहा. माफी हा शब्द जड जात असेल तर नका लिहू, तुमचं पोरगं हुशार आहे. सल्ला एकही नको. तालमीकडून खेळताना तुम्ही स्वतः घालवलेली एखादी मॅच असेलच की, तीही येऊ द्या.

पांढऱ्या रश्श्याचं पान मात्र तसंच ठेवा. तिथं तुम्ही खरे दिसता. 'हळद बिलकूल नाही. तीळ-खसखस-काजू गंधासारखं वाटायचं. नारळाचं दूध घातलं की पातेल्यापासून हलायचं नाही, मोठी उकळी आली की फुटतं. तुझ्या आईनं हाक मारली तरी जायचं नाही.' हे कुठल्या व्हॉट्सॲपवर येत नाही, दादा.

येत्या रविवारी मटण आणा आणि रस्सा त्याच्या हातून करून घ्या. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. दूध ढवळताना त्याला हलता येणार नाही, तेव्हा तो नियम त्याच्याच तोंडून समजावून घ्या. तुम्हाला कळला असला तरी.

आणि त्या पानावर नारळापुढं तुम्ही 'अंदाजानं' लिहिलंय. पुण्यात खोलीवर त्याचा अंदाज कसा चालायचा? किती माणसांना किती नारळ, ते रविवारी मोजून लिहा.

– अक्का